आत्मशोधक गुरुदेव रामभाऊ रानडे

जत तालुक्यातून पंढरीस निघालेला वारकरी उत्तरेकडे तोंड करून चालतो, आणि त्याच्या पाठीशी कानडी मुलूख राहतो. आमचा हा भाग अवर्षणाचा. ज्वारी-बाजरीवर गुजराण आणि घराघरांत दोन भाषा. आई कानडीत हाक मारते, बाप मराठीत जाब विचारतो, आणि पोर दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देते. या तालुक्याच्या पूर्व अंगास उमदी नावाचे गाव आहे. उमदी ओलांडून कर्नाटकात शिरले की निंबरगी, इंचगिरी आणि पुढे सोलापूर-विजापूर रेल्वेच्या रुळाकाठचे निंबाळ, ही गावे पायी चालणाऱ्याला दोन-तीन मुक्कामांत होतात. एवढ्या लहानशा टापूत गेल्या शतकात एक विद्वान साधुपुरुष वावरून गेले. प्रयागच्या विश्वविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून ते गाजले, ग्रीकांपासून उपनिषदांपर्यंत आणि उपनिषदांपासून तुकोबारायांपर्यंत सर्वांस त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि उत्तरासाठी शेवटी ते उमदीच्या गुरूंनी दिलेले नाम घेऊन बसले. तो प्रश्न म्हणजे, मी कोण? त्या पुरुषाचे नाव रामचंद्र दत्तात्रय रानडे. लोक त्यांना गुरुदेव म्हणत, जवळची माणसे रामभाऊ म्हणत.

आपल्या फडांवर त्यांचे नाव जेवढे यावे तेवढे येत नाही. एक तर त्यांचे मोठे ग्रंथ इंग्रजीत. दुसरे, त्यांचा संप्रदाय इंचगिरीचा, वारकरी नव्हे. तिथे नाम गुरूने शिष्याच्या कानात द्यायचे असते; आपला मंत्र उघडा, चंद्रभागेच्या वाळवंटात सर्वांनी टाळ्या पिटून म्हणायचा. हा भेद लहान नाही, आणि तो झाकण्याचेही कारण नाही. तरी आपल्या संतांची वचने हातात धरून जगातल्या पंडितांच्या सभेत जो निर्भयपणे उभा राहिला, त्याचे चरित्र वारकऱ्याने ऐकायचे नाही तर कोणी ऐकायचे?

आधी गुरूंचे सांगितले पाहिजे. उमदीच्या देशपांडे घराण्यात १८४३ साली व्यंकटेश खंडेराव यांचा जन्म झाला. पुढे तेच भाऊसाहेब महाराज उमदीकर. निंबरगीच्या महाराजांकडून त्यांना कोवळ्या वयात नाम मिळाले. प्रपंच सोडायचा नाही, भगवी घालायची नाही, सकाळी, दुपारी आणि रात्री ठरल्या वेळी बसायचे आणि नाम घ्यायचे, असा त्यांचा नेम. वाचनाला समर्थांचा दासबोध. पुढे इंचगिरीस त्यांनी मठ केला. त्यांच्या शिष्यांत ब्राह्मण होते, लिंगायत होते, बायकाही होत्या. शिवलिंगव्वा अक्का (१८६७–१९३०) त्यांतल्याच. कोणाला ग्रंथ कळतो आणि कोणाला नाही याची विचारपूस नसे. नेमाला किती वेळ बसलास, एवढी एकच विचारपूस असे.

रामभाऊंचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीस झाला. जमखंडी त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते. शाळेत असतानाच, १९०१ साली, भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. वय पंधरा. या वयात मुलाला परमार्थाची खरी ओढ असते असे मानण्याचे कारण नाही. मुलगा हुशार होता, संस्कृतात तर फारच. शाळा संपवून तो पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तिथे पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकला, बुद्धीला धार आली. नाम चालू होते, पण बुद्धीचा मान मोठा होता. मग प्रकृती ढासळली. तारुण्यातच दुखणे असे आले की वाचतो की नाही असे झाले. देह पुढे जन्मभर अशक्तच राहिला. देह म्हणजे मी असे मानणाऱ्याची अशा वेळी मोठी पंचाईत होते, कारण ज्याला तो मी म्हणतो तेच हातातून निसटू लागते. रामभाऊ नामाकडे खऱ्या अर्थाने वळले ते या दुखण्यानंतर. आधी ते नाम घेत होते, आता त्यांनी ते धरले.

१९१४ साल त्यांच्या आयुष्यात दोन्ही अंगांनी मोठे. त्या वर्षी जानेवारीत भाऊसाहेब महाराज इंचगिरीस देह ठेवून गेले, आणि त्याच वर्षी रामभाऊ उत्तम रीतीने एम. ए. झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी शिकवले, आणि १९१९ साली सांगलीस विलिंग्डन कॉलेज निघाले तिथेही काही काळ शिकवले. म्हणजे आमच्या आजच्या जिल्ह्याच्या गावीही त्यांच्या पायांची धूळ पडली आहे.

या काळात त्यांनी ग्रीक तत्त्ववेत्त्यांचा अभ्यास केला. हेरॅक्लिटस, पार्मेनिडीस आणि ॲरिस्टॉटल यांच्यावर त्यांनी निबंध लिहिले. आता कोणी म्हणेल, महाराज, वारकऱ्याला हे यवन कशाला? मला विचाराल तर, हिऱ्याची पारख करायची तर दुसरे खडे शेजारी ठेवावे लागतात. हेरॅक्लिटस म्हणतो की सारे वाहते आहे, क्षणभरही काही स्थिर नाही. पार्मेनिडीस म्हणतो की जे आहे ते एकच आहे आणि ते कधी हलत नाही. एकाला नदी दिसली, दुसऱ्याला नदीचा तळ दिसला. मी कोण हे विचारणाऱ्याला दोन्ही पाहावे लागतात, कारण बालपणापासून आजपर्यंत आपल्यातले सारे बदलले आणि तरी बदललेला मीच, असे आपण म्हणतो.

रामभाऊंनी एक तुलना दाखवली ती कीर्तनात सांगण्याजोगी आहे. कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे. इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि आत्मा रथात बसलेला धनी. तिकडे ग्रीस देशात प्लेटोनेही जिवाला रथाची उपमा दिली. त्याच्या रथाला दोन पंखवाले घोडे, एक गुणी आणि एक नाठाळ, आणि विवेक त्यांचा सारथी. कोणी कोणाचे घेतले हा वाद पंडितांनी करावा. फरक मात्र पाहण्यासारखा आहे. प्लेटोच्या रथात सारथी हाच शेवटचा. आपल्या रथात सारथ्याच्या मागे आणखी कोणी बसला आहे, तो हाकत नाही, बोलत नाही, पण रथ त्याचा आहे. यात मी माझ्या पदरचा तिसरा रथ घालतो. मिलिंद नावाच्या यवन राजाशी बौद्ध भिक्षू नागसेनाचा संवाद झाला. नागसेनाने विचारले की राजा, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग नागसेन म्हणाला की रथ हे नुसते नाव, भाग जुळले म्हणून बोलायची सोय; तसाच मी. म्हणजे एका रथात धनी आहे, दुसऱ्यात सारथी आहे, तिसऱ्यात कोणीच नाही! आळंदीहून माउलींचा रथ निघतो त्यात काय असते? पादुका. वारकरी त्या रथापुढे लोटांगण घालतो तेव्हा आत कोणी नाही असे त्याला वाटत नाही, आणि कोणी दिसतो असेही नाही.

असो. १९२४ साली तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासासाठी रामभाऊंनी एक संस्था उभी केली. दोन वर्षांनी, १९२६ साली, उपनिषदांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. आमच्या पाठशाळेत उपनिषदे शिकलो ती भाष्यासह. गुरुजी ज्या आचार्यांचे, त्यांचा अर्थ तोच अर्थ, बाकीचे सारे पूर्वपक्ष. रामभाऊंनी असे केले नाही. त्यांनी उपनिषदे तेरा घेतली, पुढे ठेवली आणि म्हटले की यांत एकच मत शोधू नका. यात अनेक ऋषी आहेत, अनेक वाटा आहेत, आणि पुढे झालेल्या सर्व दर्शनांची बीजे आहेत. सांख्याचे आहे, योगाचे आहे, तिन्ही वेदान्तांचे आहे, एवढेच काय, बौद्धांचेही आहे. हे सांगायला त्या वेळी धैर्य लागत असे. पाठशाळेतल्या माणसाला ते आजही बोचते. पण मूळ ग्रंथ उघडून पाहिला की नाकारता येत नाही.

आत्मा केवढा, या प्रश्नाचे त्यांनी कसे केले पाहा. एका ठिकाणी आत्मा साळीच्या किंवा जवाच्या दाण्याएवढा सांगितला आहे, कुठे अंगठ्याएवढा, कुठे वितीएवढा, आणि शेवटी अणूहून लहान आणि महताहून मोठा. वरवर वाचणाऱ्याला वाटेल, ऋषींनाच ठरवता आले नाही. रामभाऊंनी ही सारी मापे ओळीने मांडली आणि दाखवले की विचार कसा एकेक पायरी चढत गेला, आणि मोजता मोजता शेवटी माप हातातून कसे गळाले. तो राहतो कुठे, यावरही तसेच. उपनिषदांत हृदय हे त्याचे घर. ॲरिस्टॉटलनेही हृदयालाच मान दिला. आणि उपनिषदांतच एका जागी वाट मस्तकाकडे गेलेली दिसते.

पण आत्मविचाराचा खरा गाभा छांदोग्यातल्या कथेत आहे. ती आपल्या कीर्तनांत फार थोडी येते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. प्रजापतीने सांगितले की ज्याला जरा नाही, मरण नाही, शोक नाही, भूक-तहान नाही असा आत्मा जाणावा, त्याला जाणले की सारे लोक आणि सारे काम हाती येतात. देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन, दोघे समिधा घेऊन शिष्य म्हणून आले. बत्तीस वर्षे राहिले. मग प्रजापती म्हणाला, पाण्यात पाहा, काय दिसते? दोघांना आपले रूप दिसले. म्हणाला, आता नटूनथटून पाहा. नटलेले रूप दिसले. हाच आत्मा, असे प्रजापतीने म्हणताच दोघे आनंदाने निघाले. विरोचन थेट घरी पोहोचला आणि त्याने असुरांत उपदेश सुरू केला की देह हाच आत्मा, त्याचीच पूजा करा. त्याची परंपरा बुडालेली नाही, बरे का. आरशासमोर तासन्‌तास उभे राहणारे आणि प्रेताला नटवून मोठेपणा मिरवणारे सारे त्याचेच शिष्य.

इंद्र मात्र अर्ध्या वाटेवर थबकला. देह नटला की हा आत्मा नटतो, मग देह आंधळा झाला की हाही आंधळा, देह मेला की हाही मेला. यात मला काय मिळाले? परत फिरला. आणखी बत्तीस वर्षे. आता प्रजापतीने स्वप्नातला पुरुष दाखवला. तो देहाबरोबर आंधळा होत नाही खरे, पण स्वप्नातही भितो, रडतो. इंद्र पुन्हा परत आला. आणखी बत्तीस वर्षे. आता गाढ झोपेतला पुरुष. तिथे दुःख नाही, पण मी आहे हेही भान नाही; हे तर नाश झाल्यासारखेच. पुन्हा परत. या खेपेस पाच वर्षे. मिळून एकशे एक वर्षे झाली तेव्हा त्याला कळले की जो जागेपण, स्वप्न आणि झोप या तिघांनाही पाहतो आणि तिघांपैकी कशातच सापडत नाही, तो आत्मा.

रामभाऊंनी या कथेला मोठे स्थान दिले, आणि त्याचे कारण उघड आहे. इंद्राने खुद्द प्रजापतीचे बोलणे सुद्धा अनुभवाला लावून पाहिल्याखेरीज घेतले नाही. विरोचनालाही तोच गुरू होता आणि तेच वाक्य मिळाले होते. तो पहिल्या उत्तरावर धावला एवढेच त्याचे चुकले. रामभाऊ जन्मभर इंद्राच्या वाटेने गेले. आत्म्याविषयीचे कोणतेही मत पुढे आले की ते मांडणाऱ्याला काय दिसले होते, त्याने काय भोगले होते, हे विचारायचे. नुसत्या तर्काने उभारलेल्या मताला त्यांच्याकडे मान होता, पण शेवटचा शब्द त्याला नव्हता.

या मापाने पाहिले की मधल्या काळातल्या आचार्यांचे भांडण वेगळे दिसू लागते. शंकराचार्य म्हणतात जीव ब्रह्मच आहे, अज्ञानामुळे वेगळा वाटतो. रामानुजाचार्य म्हणतात जीव खरा आहे, पण तो भगवंताचे शरीर आहे, त्याला सोडून नाही. मध्वाचार्य म्हणतात जीव आणि ईश्वर कायमचे वेगळे, आणि जीव-जीवही वेगळे. आमच्या भागात तिन्ही मतांची घराणी नांदतात, आणि एकाच्या पंक्तीत दुसऱ्याचे मत काढले की जेवणाची चव जाते. रामभाऊंनी दाखवले की तिघांनाही उपनिषदांत आधार आहे, आणि तिघांचा मेळ वादाने बसत नाही, साक्षात्काराच्या पायऱ्यांनी बसतो. प्रथम आत्मा दिसतो, म्हणजे पाहणारा आणि दिसणारा असे दोन असतात. मग तो दिसणारा मीच हे कळते. मग तोच ब्रह्म, आणि शेवटी सारे तेच. ज्याला ज्या पायरीवर उभे राहून बोलायचे होते तो त्या पायरीचे बोलला. हे सर्वांना पटेल असे मी म्हणत नाही. मध्व मताच्या शास्त्र्याला तर नाहीच पटणार. त्याची पायरी खालची ठरवलेली कोणाला आवडेल?

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. उपनिषदांत जे सापडले ते पुढे हजारो वर्षांनी कोणाला प्रत्यक्ष लाभले की ते पोथीतच राहिले? हा प्रश्न घेऊन रामभाऊ महाराष्ट्राच्या संतांकडे आले. त्यांनी आधी मराठीत वचने निवडली. ज्ञानेश्वर वचनामृत, एकनाथ वचनामृत, तुकाराम वचनामृत, रामदास वचनामृत, संत वचनामृत अशी ही पुस्तके. अभंग विषयवार लावलेले, साधकाच्या वाटचालीच्या क्रमाने. कीर्तनकाराला निरूपणाच्या वेळी प्रमाण शोधायला यांच्यासारखे साधन थोडे, हे मी अनुभवाने सांगतो. त्यांच्या पायावर १९३३ साली महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावरचा इंग्रजी ग्रंथ उभा राहिला. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांच्यासह योजलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा तो सातवा खंड. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ज्ञानेश्वर, नामदेव, गोरोबा, चोखोबा, जनाबाई! विश्वविद्यालयात त्या काळी संतकवी म्हटले की भाषेच्या वर्गात नेऊन बसवायचे, त्यांना तत्त्वज्ञ म्हणून पंक्तीला घ्यायचे नाही, अशी रीत होती. चोखोबांना देवळाबाहेर ठेवणाऱ्यांचीच ही धाकटी बहीण म्हणा. रामभाऊंनी ती मोडली.

त्यांनी संतांचे पाच भाग पाडले. ज्ञानदेवांच्या काळाला बुद्धिप्रधान म्हटले, नामदेवांच्या काळाला लोकांचा, सर्व जातींचा म्हटले, नाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा व्यक्तिगत अनुभवाचा, समर्थांचा कर्माचा. येथे माझे थोडे न पटणारे आहे, ते सांगून टाकतो. माउलींच्या हरिपाठात बुद्धी कुठे प्रधान आहे? आणि तुकोबांच्या अभंगांत काय समाजाला फटके कमी आहेत? प्रवाह एक, त्याला घाट पाच बांधले. अभ्यासकाला घाट लागतात हे मान्य. पण घाटाला नदी समजू नये. ग्रंथ सबंध वाचला तर त्यांनीही तसे समजलेले दिसत नाही. पाट्या वाचून पुढे जाणाऱ्यांनी समजले.

तुकोबांवरचा भाग मला सर्वांत सरस वाटतो. सोळाव्या शतकात स्पेन देशात योहान नावाचे एक ख्रिस्ती साधू होऊन गेले. भक्ताच्या आयुष्यात देव पाठ फिरवल्यासारखा दिसतो, भजन कोरडे पडते, आपण पापी आणि टाकलेले असे वाटते, त्या काळाला त्यांनी जिवाची काळरात्र म्हटले. रामभाऊंनी तोच दिवा घेऊन तुकोबांचे अभंग वाचले. दुष्काळ, दिवाळे, बायको आणि मुलाचा मृत्यू, गावाची निंदा आणि देवाचा अबोला. मग ती रात्र कशी सरली आणि पहाट कशी झाली, हे त्यांनी अभंगांच्याच साक्षीने दाखवले. आपण तुकोबांची करुणेची पदे म्हणतो तेव्हा ती संतांची नम्रता, लोकांना शिकवण्यासाठी म्हटलेली, असे समजून मोकळे होतो. रामभाऊ म्हणतात, तसे नव्हे. ते दुःख खरे होते. ज्या मीला शेवटी देव व्हायचे होते त्याला आधी पुरते विझावे लागले. ज्याचे भजन आज कोरडे चालले आहे त्या वारकऱ्याला या एका प्रकरणाने केवढा धीर येईल!

आता खरी गाठ. वारकऱ्याला गावातले शहाणे नेहमी टोचतात की आत्मा आणि परमात्मा एक असे तुमचेच माउली सांगतात, मग वारी कोणी कोणाची करायची? नाम घेणारा तोच, ज्याचे घ्यायचे तोही तोच, मग टाळ कशाला कुटता? माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, पुढे अमृतानुभवात ज्ञान आणि अज्ञान दोन्ही बाजूला सारले, आणि चौदाशे वर्षांच्या म्हणवणाऱ्या चांगदेवांना पासष्ट ओव्यांत पाहणारा आणि दिसणारा यांच्यातला पडदा दाखवला. असा अद्वैतवादी पुरुष हरिपाठ कसा सांगतो? पंडित म्हणतात की हरिपाठ अडाण्यांसाठी. मला या उत्तराचा फार राग आहे.

रामभाऊंनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातून याचे उत्तर काढले. तिथे साधकाची शेवटची अवस्था सांगताना माउली चतुर्दशीच्या आणि पौर्णिमेच्या चंद्राचा दाखला देतात, आणि पंधरा कसाच्या आणि सोळा कसाच्या सोन्याचा. फरक उरलाच आहे, पण तो नावालाच. रामभाऊंनी याला गणितातला शब्द लावला. गणितात अशी एक रेषा सांगतात की वक्ररेषा तिच्या जवळ जवळ येत जाते, अंतर केसाएवढे होते, केसाच्या हजाराव्या भागाएवढे होते, आणि तरी मोजता येईल अशा कोणत्याही जागी दोघी भिडत नाहीत. देहात आहे तोवर साधकाचे आणि देवाचे असेच असते. ऐक्य खोटे नाही, आणि अंतरही खोटे नाही. त्या केसाएवढ्या अंतरात भक्ती राहते. म्हणून सिद्धालाही नेम सुटत नाही. म्हणून आषाढीला पंढरी गाठलेला कार्तिकीला पुन्हा निघतो. शास्त्री याला पूर्ण अद्वैत म्हणणार नाहीत. न म्हणोत. पायाला फोड आलेल्या माणसाला हे लगेच समजते.

आणि हे त्यांनी नुसते लिहिले नाही. १९२७-२८ च्या सुमारास गंगानाथ झा यांच्या बोलावण्यावरून ते प्रयागच्या विश्वविद्यालयात गेले, तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले, काही काळ कुलगुरुपदाचाही भार त्यांनी वाहिला. पण सुट्टी लागली की पाय निंबाळकडे वळत. स्टेशनाशेजारीच त्यांचे घर. रूळ, माळरान आणि बाभळी, दुसरे काही नाही. तिथे येणाऱ्याशी तत्त्वज्ञानाच्या गप्पा फारशा होत नसत. नेमाची वेळ झाली की सारे गप्प बसत. भाऊसाहेब महाराजांच्या मागे जिगजेवणीचे अंबुराव महाराज संप्रदायात वडील होते. १९३३ साली ते गेले तोवर रामभाऊ त्यांच्यापुढे धाकटेपणाने राहिले. जगातल्या तत्त्ववेत्त्यांची मते ज्याला तोंडपाठ, तो माणूस खेड्यातल्या गुरुबंधूसमोर खाली मान घालून बसे. आपण टाळ वाजवतो, माळ घालतो, आणि दिंडीत मानाच्या जागेवरून भांडतो.

१९४६ साली निवृत्त होऊन ते निंबाळासच राहिले. देह काडीसारखा, आहार नावाला, पण काम थांबले नाही. १९५४ साली हिंदी संतांवरचा ग्रंथ आला. कबीर, सूरदास, तुलसीदास आणि मीराबाई यांची पदे त्यांनी त्याच क्रमाने लावली, आणि मूळ पदांचा संग्रह परमार्थसोपान या नावाने दिला. मग कानडी संतांकडे वळले. ज्या मुलखात जन्मले आणि ज्या भाषेच्या माणसांत बसून नाम घेतले तिचे देणे शेवटी फेडायला घेतले. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. गीतेवरचा ग्रंथ १९५९ साली, कानडी संतांवरचा १९६० साली आणि वेदान्तावरचा १९७० साली, असे तिन्ही त्यांच्या मागे छापून निघाले. बेळगावास त्यांच्या नावाचे मंदिर आणि तत्त्वज्ञानाची संस्था आहे.

निंबाळास त्यांच्या घराजवळून अजून रेल्वे जाते. सोलापूरहून विजापूरकडे जाणारी गाडी तिथे थांबते. उतरले की आश्रम हाकेच्या अंतरावर. आमच्या बाजूने जाणाऱ्याने उमदीवरून जावे, वाटेत इंचगिरीस थांबावे. तिथे नेमाच्या वेळी मराठी पद आणि कानडी पद एकामागून एक म्हणतात, आणि कोणत्या भाषेचे आधी यावरून कोणी हटकत नाही.